लंबूआजोबा आणि पलीकडची बुटकी

“नदीनं माझ्या दादालाच का नेलं?” नदीतल्या बेटावरचा धाकटा करंजवृक्ष सारखा विचारायचा. फार पूर्वी पुरानं दादाची शेंग पलीकडच्या वाळूत टाकली. दादा तिथेच वाढला, तिथेच गेला.

खंड्या पक्षी सांगायचा, “दादाची नातवंडं बुटकी झालीत. तिकडे समुद्राचा खारा वारा ना! पानंही जाडजूड.”

“हट्! आमच्यात बुटकं कोणी नाही.”

“तीही म्हणतात, तो लंबू आमचा कोणी नाही.”

एका पावसाळ्यात पूर पलीकडचा काठ खाऊ लागला. बुटक्यांची मुळं उघडी पडली.

“लंबूआजोबा!” ती किंचाळली.

“आत्ता बरा आठवलो!” असं म्हणत धाकट्यानं आपली मुळं सोडली, आणि पुरासोबत वाहत जाऊन तो दादाच्या काठाला बिलगून पाण्यात बांधासारखा आडवा पडला.