कालवं चिकटलेली मतं

एका बेटावर एक महाल होता. महाल म्हणजे राजाच्या कारभाराचा एक लहानसा तुकडा, चार-दोन वाड्यांचा. पावसाळ्यात होड्या बंद असत, त्यामुळे राजाचा माणूस तिथे टिकेना. शेवटी राजाने कंटाळून कळवले, "तुमचा कारभारी तुम्हीच निवडा."

सांगणे सोपे होते. पहिल्या खेपेला लोकांनी आपापल्या माणसाच्या नावाने ओरडायचे ठरवले, आणि ज्याच्या भावकीचे घसे दणकट तो निवडून आला. पुढच्या खेपेला हात वर करायचे ठरले, तर बहाद्दरांनी दोन्ही हात वर केले. मग एका म्हातारीने तोडगा काढला. प्रत्येक घराने डोंगरावरून एक दगड आणायचा आणि ज्याला मत द्यायचे त्याच्या ढिगावर टाकायचा. "दगड डोक्यावर घेऊन डोंगर उतरताना मानूस इचार करतो," असे तिचे म्हणणे. निवड आटोपली की दोन्ही ढिगांचे दगड बेटाच्या बांधावर रचायचे. हा बांध दर्याचे खारे पाणी भातशेतीत शिरू देत नसे. हरलेल्याची मतेही अशी कामी येत. महालाच्या साऱ्या रीतींमध्ये मला हीच फार आवडते.

पण रीत कितीही चांगली असली तरी ती कोणाला तरी जड जातेच. बांधालगतची खारवाडी डोंगरापासून लांब होती. तिथले निम्मे लोक "कोन जातोय तंगडतोड करत" म्हणून घरीच बसत. त्यामुळे कारभारी नेहमी डोंगरवाडीचाच होई. खारवाडीचा गोमाजी आधी उभा राहून पडला होता. त्याला कारभारीपणाची हौस नव्हती असे नाही, पण हौसेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विहीर. खारवाडीत गोड्या पाण्याची विहीर नव्हती. बायका डोंगरवाडीतून हंडे भरून आणत, आणि गोमाजीची बायको चांगुणा त्यांतलीच एक. विहीर कुठे खोदायची हे फक्त कारभारी ठरवी.

त्या वर्षी गोमाजीसमोर डोंगरवाडीचा विसाजी उभा होता. निवडीचा दिवस भाद्रपदातली पौर्णिमा. शेतात भात पोटरीला आले होते. सकाळपासून माळावर दगड पडू लागले आणि नवल म्हणजे गोमाजीचा ढीग भराभर वाढू लागला. खारवाडीचा एकही माणूस घरी बसला नव्हता. उन्हे चढायच्या आत ढीग विसाजीच्या ढिगाच्या वर गेला. गोमाजीला भरून आले. आपल्या माणसांनी आपल्यासाठी एवढे कष्ट घेतले, असे त्याला वाटले.

त्याने मायेने एका दगडावरून हात फिरवला, तर बोटाला काहीतरी खरचटले. दगडाला कालवं, म्हणजे दर्यातली धारदार शिंपली, चिकटली होती. त्याने दुसरा दगड पाहिला, तिसरा पाहिला. डोंगरच्या दगडाला तांबडी माती असते. हे दगड ओले होते आणि त्यांना दर्याचा वास येत होता.

गोमाजी काय ते समजला. पहाटे ओहोटी होती. लोकांनी डोंगर चढायचे सोडून आपल्याच बांधाचा पायथा उपसला होता. प्रत्येकाला वाटले, एवढ्या मोठ्या बांधातला आपला एक दगड काढला तर काय बिघडणार आहे?

दुपारी उधाणाची भरती येणार होती. बोलावे तर हातातोंडाशी आलेली विहीर जाते. न बोलावे तर बांध. गोमाजी चांगुणाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "निकाल लागू दे. कारभारी झालो की पयलं काम बांधाचं."

"भरती काय तुमच्या निकालासाठी थांबनार हाय?" चांगुणा म्हणाली.

गोमाजी आपल्याच ढिगावर चढला आणि मोठ्याने म्हणाला, "मोजनी थांबवा. ही मतं नायत, ही आपल्या बांधाची भोकं हायत. उचला, नि चला माझ्याबरोबर."

खारवाडीचे लोक संतापले. "सोन्यासारखं राज्य हाती आलं नि ह्यो लाथाडतोय," कोणी म्हणाला. कोणी त्याला फितूरही म्हणाला. पण गोमाजीने पहिला दगड खांद्यावर घेतला, मागोमाग चांगुणाने दुसरा. ते पाहून विसाजीने धोतर खोचले आणि तोही दगड उचलायला आला. मग मात्र सगळ्यांना जावेच लागले.

दर्या गुडघ्याला लागेपर्यंत ते दगड रचत होते. शेवटची भगदाडे चिखल आणि पेंढा कोंबून बुजवली. पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत चढले, थोडा वेळ तिथेच हिंदकळले आणि उतरू लागले.

विसाजी धापा टाकत म्हणाला, "गोमाजी, तू गप बसला असतास तर मला कळलंबी नसतं."

"दर्याला कळलं असतं," गोमाजी म्हणाला.

घटस्थापनेला पुन्हा निवड झाली. या वेळी मोजणी करणाऱ्या पंचांनी नियम केला, कालव चिकटलेले मत बाद. खारवाडीचे काही लोक डोंगर चढले, बरेचसे रुसून घरी बसले. चारचौघांत चोर ठरल्याचा राग त्यांच्या मनातून गेला नव्हता. गोमाजी हरला. विसाजी कारभारी झाला आणि त्याने नवी विहीर आपल्याच वाडीत खोदायचे ठरवले. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला मते तिथलीच होती.

त्या संध्याकाळी गोमाजी बांधावर बसून होता. त्याला फार वाईट वाटत होते आणि त्याने ते लपवले नाही. चांगुणा डोंगरवाडीहून हंडा घेऊन येत होती. तिला पाहून तो म्हणाला, "तुझी विहीर मी घालवली गं."

चांगुणाने हंडा बांधावर टेकवला. समोर भात निसवले होते.

"पानी मी लांबून आनते," ती म्हणाली. "भात कुठनं आनला असता?"

तात्पर्य: सगळ्यांना सांभाळणारा आधार उपसून मिळवलेला विजय घेऊ नये, मग तो कितीही चांगल्या कामासाठी असो. हरलेली निवड पुन्हा लढता येते; खारवलेले शेत पिकायला वर्षे जातात.