पंगतीतली काळी घोंगडी

"हाच होता, हे कशावरून?"

"घोंगडीवरून, बाबा. धुनीवरचा चिमटा उचलून कुणी पाठमोरा गेला. अंगावर काळी घोंगडी. मग पंगतीत वाढताना ती ओळखली."

मठाच्या खांबाला बिरू धनगर बांधलेला होता. ओठ फुटला होता. चांदीचा चिमटा त्याच्यापाशी सापडला नव्हता. तरी लोक म्हणत होते, अजून दोन ठेवून द्या, मग बोलेल.

"म्या धुनीकडं गेलोच न्हाई, देवा," बिरू म्हणाला. "आलो तो पानावरच बसलो."

आरोप करणारा केवलनाथ, मठाचा थोरला शिष्य, बिरूकडे बोट रोखून ताठ उभा होता. त्याच्या स्मरणशक्तीचा गावोगाव बोलबाला होता.

"पंगत म्हण, पहिल्या पानापासून ओळीनं," मठाचे गुरू असलेले बाबा म्हणाले. त्यांचा आवाज रागानं कापत होता.

"आत्ता?"

"मग काय तेराव्याला?"

"दाराशी कासार. मग मास्तर. त्यांचा मेहुणा. मग हा." केवलनाथ थांबला.

"पुढे?"

"पुढे कशाला? सापडला की."

बाबांनी आमटीची बादली उचलली आणि त्याच्या पायाशी आदळली. आमटी त्याच्या भगव्यावर उडाली.

"यानं आमटी मागितली. तू वाढलीस. मग तिथूनच मागे वळतोस?"

"नाही, बाबा. बादली घेऊन निघालं की शेवटच्या पानापर्यंत जायचं. मठाची रीत आहे."

"मग जा!"

केवलनाथनं डोळे मिटले.

"तेली... गुरव... मग..."

"बोल की. दातखीळ बसली?"

"शेवटच्या पानावर देशमुखांचा रणधीर."

"अंगावर काय होतं?"

"काळी घोंगडी."

कुणीतरी खोकलं. मठाची चूल देशमुखांच्या धान्यावर पेटत होती. रणधीर जेवून केव्हाच घोड्यावरून निघून गेला होता.

"शपथ घेतो, बाबा," केवलनाथ पुटपुटला. "हा दिसला आणि मन तिथंच थांबलं."

बाबांनी स्वतः दोर सोडला. आपल्या छाटीनं बिरूचा ओठ पुसला. मग वळून केवलनाथचं बोट पकडलं. बिरूकडे दाखवलेलं तेच बोट. इतकं घट्ट, की तो कळवळला.

"मन शेवटच्या पानापर्यंत जाऊन आलं होतं, लबाडा. मधूनच वळलं ते हे बोट."