हुकमाचा लांडगा

फाशांवर आणि कल्पनेवर चालणाऱ्या त्या खेळात राक्षस कुठून येणार, हे विश्वंभरदादा ठरवत असे. आणि ठरवता ठरवता तो स्वतःला राजाच समजू लागे. त्या दिवशी इरावतीची जादूगारीण गुहेत जखमी पडली होती. ती मेली की इरावती खेळातून बाद. तिने मंत्राने लांडगा बोलावून गुहेच्या अरुंद तोंडाशी उभा केला. तेवढ्यात राक्षस आला.

"लांडगा त्याला चावतो," इरावती म्हणाली.

"तुझी पाळी संपली, बाळ! बोलावलेलं जनावर हुकमाशिवाय काहीच करत नाही. कानसुद्धा हलवत नाही. नियम म्हणजे नियम."

"बरं, दादा."

दादाने ऐटीत फासा टाकला. "राक्षसाने डरकाळी फोडली! लांडगा घाबरून पळाला. वाट मोकळी!"

"कुणाच्या हुकमाने पळाला, दादा?"

"अगं, भीतीने पळाला!"

"चावायला माझा हुकूम लागतो, मग घाबरायला नको का? मी तर त्याला घाबर म्हटलंच नाही."

टेबलाभोवती हशा पिकला. दादाने नियमांचं पुस्तक उघडलं आणि तसंच मिटलं. लांडगा गुहेच्या तोंडाशीच राहिला. राक्षसाची पाळी डरकाळीतच गेली होती.

"आता माझी पाळी," इरावती म्हणाली. "लांडग्या, आता चाव."