किटलीला झबलं, पिंजूला काय?

एक होती ससुली. तिचं नाव पिंजू. अंगभर पांढरी लांब लोकर. पिंजू कुठे संपते आणि लोकर कुठे सुरू होते, कुणालाच कळायचं नाही.

वच्छामावशी तिला फणीने विंचरायची. सुर्र सुर्र. फणीत लोकर यायची. मऊ मऊ, ऊबदार, फुंकरीने उडेल अशी. मावशी ती कातायची. घर्र घर्र. मग विणायची. टिक टिक.

बाळाला टोपी विणली. आजोबांना मफलर विणला. चहाच्या किटलीला झबलं विणलं.

मग आली थंडी. विंचरलेली पिंजू काकडली. हुडहुड हुडहुड.

पिंजूने पाय आपटला. धप.

"मावशी, किटलीला झबलं. मला काय?"

"अगं राणी, तुलाही विणली ना टोपी. ही बघ."

टोपी घातली. सुळकन नाकावर आली. पुन्हा घातली. पुन्हा नाकावर.

"तुझी लोकर फार लाडाची गं," मावशी म्हणाली. "एकदा ताणली की ताणलेलीच राहते. थोडी मेंढीची मिसळली, तर टोपी धरून बसेल. ती आण, मग विणते."

"मग किटलीचं झबलं कसं बसलं?"

"किटली कुठे उड्या मारते?"

धप. टुण टुण टुण. पिंजू गेली बिरूदादाकडे. बिरूदादा मेंढ्या राखायचा.

"दादा, दादा, लोकर दे. मावशी टोपी विणेना. लोकर माझी, गारठले मी. हा कुठला न्याय?"

"मेंढी कातरायला उभी राहू दे. मग देतो."

धप. टुण टुण टुण. पिंजू गेली मेंढीकडे.

"मेंढीताई, उभी राहा. दादा लोकर देईना, मावशी टोपी विणेना. लोकर माझी, गारठले मी. हा कुठला न्याय?"

"बँऽ. उपाशीपोटी कोण उभं राहील? बाभळीला शेंगा टाकू दे. मग राहते."

धप. टुण टुण टुण. पिंजू गेली बाभळीकडे.

"बाभळीबाई, शेंगा टाक. मेंढी उभी राहीना, दादा लोकर देईना, मावशी टोपी विणेना. लोकर माझी, गारठले मी. हा कुठला न्याय?"

"मी हलू कशी? मला काय कंबर आहे? वाऱ्याला हलवू दे. मग टाकते."

धप. टुण टुण टुण. पिंजू गेली वाऱ्याकडे. वारा टेकडीवर लोळत होता.

"वारोबा, बाभूळ हलवा. बाभूळ शेंगा टाकेना, मेंढी उभी राहीना, दादा लोकर देईना, मावशी टोपी विणेना. लोकर माझी, गारठले मी. हा कुठला न्याय?"

"सूंऽ. कंटाळलो बाई हलवून हलवून. आधी मला खेळायला काहीतरी हलकं दे. पान नको, जड असतं. पीस नको, तेही जड. मग हलवतो."

आता मात्र पिंजू भडकली. कान लाल. नाक लाल.

"बाळाला टोपी. आजोबांना मफलर. किटलीला झबलं. सगळ्यांना माझंच. आणि आता तुम्हालाही मीच देऊ?"

धप. धप. धप.

शेपटीवरचा एक पुंजका सुटला. वर गेला. तरंगला.

"हे तर माझ्याहून हलकं," वारा म्हणाला, आणि पुंजक्यामागे सुटला. सूं सूं सूं.

वारा धावला, बाभूळ हलली. खुळ खुळ खुळ.
बाभूळ हलली, शेंगा पडल्या. पट पट पट.
शेंगा पडल्या, मेंढीने खाल्ल्या. कुडुम कुडुम.
मेंढी उभी राहिली, दादाने मूठभर लोकर कातरली. कचक कचक.
दादाने लोकर दिली, मावशीने कातली. घर्र घर्र.

मावशीने ढगळी टोपी उसवली. एक धागा पिंजूचा, एक धागा मेंढीचा. दोन्ही एकत्र विणले. टिक टिक टिक.

पिंजूने टोपी घातली. उडी मारली. टुण. टोपी जागेवर. कोलांटी मारली. टोपी जागेवर. कान कसे ऊबदार, ऊबदार.

मावशीने हळूच फणी उचलली.

"ये गं, जरा विंचरते. बाळाला मोजे हवेत."

पिंजू दोन पावलं मागे सरकली.

"आधी माझे चार," ती म्हणाली. "मग बाळाचे दोन."

मावशी हसली. मान डोलावली. फणी खाली ठेवली आणि सुया घेतल्या. टिक टिक.

पिंजूचे कान झाकले, गोष्टीचे पाय थकले.