नागपूरला हलवा!

कोळशाच्या खाणीशेजारी एक मेडिकल कॉलेज होतं. तिथे शिकणाऱ्या रेवती उमाठेला खाणीच्या धुळीने दम लागायचा. नागपूरच्या कॉलेजात बदली मागायला ती गेली, तर डीन खानझोडे गरजले, “दम्यासाठी नागपूर? आमच्या दवाखान्यात बरा होणार नाही असा रोग अजून जन्मला नाही! बदली विसरा.”

“बरं, सर,” म्हणून रेवतीने ओढणीने तोंड बांधलं आणि ती कॉलेजच्याच दवाखान्यात पेशंटच्या रांगेत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तपासायला खुद्द डीन बसले होते.

एका आजोबांचा पाय मुरगळला होता. डीन मान वर न करता म्हणाले, “नागपूरला हलवा.” एका आजीच्या कानात हरभरा अडकला होता. “नागपूरला हलवा.”

रेवतीचा नंबर आला. “धुळीने दम लागतो,” ती म्हणाली.

“इथे जमायचं नाही. नागपूरला हलवा!” डीननी चिठ्ठीवर सहीसुद्धा ठोकली.

रेवतीने ओढणी सोडली. “सर, जो रोग अजून जन्मलाच नव्हता, तो मला झालाय असं तुम्हीच लिहून दिलंत. आता बदलीवरही सही करा.”

डीनना असा ठसका लागला की थांबेना.

कानात हरभरा असलेली आजी कळवळून म्हणाली, “अगं बाई, यांनाही नागपूरला हलवा!”