गुढीचं पातळ

"...मग गेल्या वर्षाचे आभार मानायचे तरी कसे, माय? आणखी काय करू मी?"

पाडव्याची सकाळ. भास्करराव शेळके अंगणात हात जोडून उभे. समोर त्यांची गुरू, नदीकाठच्या मठीतली म्हातारी चंद्रामाय. गुढी तिच्याच हातून उभी राहावी म्हणून त्यांनी मुद्दाम गाडी पाठवून तिला आणलं होतं. बघायला अर्धं गाव जमलं होतं.

"काय काय केलंस?" मायनं विचारलं.

"देवळाला घंटा दिली. डॉक्टरांना शाल दिली. भाद्रपदात आम्ही नवराबायको दोघंही तापानं आडवे झालो, मरता मरता वाचलो. उपकार विसरणारा माणूस नाही मी."

"तापात तोंडात पेज कुणी घातली?"

"शेवंतानं. धाकटी बहीण माझी. इथंच असते."

"घाण कुणी काढली?"

"तिनंच... घरचीच आहे ती."

"ही काठी कुणी धुतली? कडुनिंब कुणी वाटला?"

"तिनंच."

"मग आहे कुठं?"

भास्कररावांनी दाराकडे बघितलं.

"आत आहे. नवरा गेलाय ना तिचा... वर्षाचा पहिला दिवस. गुढीसमोर नको."

"माझाही गेलाय."

"तुमची गोष्ट वेगळी, माय!"

"हो का? मरताना त्यानं तसं काही सांगितलं नव्हतं मला."

कुणीतरी फिसकन हसलं.

गुढी सजवून भिंतीशी टेकवून ठेवली होती. माय तिच्याकडे गेली. तांब्या काढून खाली ठेवला. साखरेची गाठी सोडली. मग काठीला नेसवलेलं नवं कोरं जरीचं पातळ एका हिसक्यात ओढून काढलं.

"अगं बाई!" भास्कररावांची बायको किंचाळली. "माय, सणाचं हे काय करताय?"

माय सरळ घरात शिरली. बाहेर आली ती शेवंताचं मनगट धरून. शेवंताचे हात कडुनिंबानं हिरवे झाले होते.

"दादा रागावेल, माय... सोडा मला..."

मायनं ते पातळ तिच्या खांद्यांवरून लपेटलं. पदर डोक्यावर नीट घेतला, लेकीचा घ्यावा तसा.



भास्कररावांनी एकदा बहिणीकडे बघितलं आणि झटकन नजर काठीकडे वळवली.

"माय..." ते म्हणाले. "ही तर नुसती काठी उरली. आता आम्ही नमस्कार करायचा तरी कुणाला?"

माय पायानं चपला चाचपत होती.

"मघापासून हेच तर विचारत होतास."