मंडळाच्या डॉक्टरचं मत

रावजीकाका तोफखान्यातून निवृत्त झाले ते अर्धशिशी घेऊनच. अपंगत्वाची पेन्शन मिळावी म्हणून मी त्यांना सैन्याच्या वैद्यकीय मंडळापुढे नेलं. मी परदेशात कायदा शिकून नुकताच परतलो होतो. खरं नीट मांडलं की न्याय मिळतो, अशी माझी ठाम समजूत होती.

मंडळावर तीन डॉक्टर होते. त्यांचे प्रमुख कर्नलसाहेब म्हणाले, “स्कॅन स्वच्छ आहे. आजार कुठाय?”

“अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही, सर.”

“मग डॉक्टरचं मत आणा.”

मी गावच्या डॉक्टरांचं पत्र पुढे केलं.

“हे बाहेरचं. मत मंडळाच्या डॉक्टरचंच लागतं.”

“ते तर तुम्हीच ना?”

“हो. आणि मला स्कॅनमध्ये काही दिसत नाही.”

मी गोल फिरून होतो तिथेच आलो होतो.

तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या हौसाकाकी उठल्या. “म्हणजे साहेब, आमचे हे ठणठणीत आहेत?”

“एकदम!”

“मग घ्या की परत तोफेवर. आजच ट्रंक भरून देते.”

साहेब खेकसले, “अहो बाई, काहीतरीच काय! इतकी वर्षं तोफांचे धडाके सोसलेलं डोकं ते. पहिल्याच बाराला डोकं धरून आडवे होतील!”

“हेच लिहा, साहेब,” काकी म्हणाल्या. “मंडळाच्या डॉक्टरचं मत पाहिजे होतं ना?”

कर्नलसाहेब एकदा माझ्याकडे, एकदा काकींकडे बघत राहिले. शेजारचे दोन्ही डॉक्टर मात्र लिहायला लागले होते.